सायकल दिलीत, आता दिवाही द्या

मा. आयुक्त,
मानव विकास कार्यक्रम, महाराष्ट्र राज्य,
छत्रपती संभाजीनगर



आपल्या कार्यक्रमातून २३ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. मी अशाच एका तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत अनेक वर्षं शिकवलं. सातवी झाली की घरी बसवलेल्या मुली मी पाहिल्या आहेत आणि दारात सायकल आली म्हणून बारावीपर्यंत शिकलेल्याही पाहिल्या आहेत. या योजनेचं मोल मला कोणी सांगायला नको. म्हणूनच तिच्यात राहून गेलेल्या एका गोष्टीबद्दल आपल्याला जाहीरपणे लिहिते आहे. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या साध्या सायकलीला दिवा नसतो. तो वेगळा घ्यावा लागतो. पाच हजारांच्या मदतीत सायकल, बास्केट, कुलूप आणि स्टँड एवढं बसवेपर्यंत पैसे संपतात, आणि दिवा राहतो तो राहतोच.

मुली रात्री कुठे सायकल चालवतात, असं कोणी विचारेल. त्यांना रात्रीची गरजच नाही, हिवाळ्यातली संध्याकाळ पुरते. नोव्हेंबरच्या अखेरीला गडचिरोलीत साडेपाच वाजायच्या आत सूर्य मावळतो. नंदुरबारला त्यानंतर वीसेक मिनिटं मिळतात, एवढाच फरक. शाळा पाचला सुटते. दहावीच्या वर्गाचे जादा तास असले तर सहा वाजतात. त्यापुढे चार-पाच किलोमीटर, रस्त्यावर विजेचा खांब नाही, दोन्ही बाजूंना ऊस किंवा तूर उभी. सहानंतर निघालेली मुलगी घरी पोचते ती काळोखातूनच. मग घरून सांगणं येतं, 'अंधार पडायच्या आत घरी ये.' ते चूक नाही, काळजीचं आहे. पण त्याचा परिणाम मी वर्गात बसून पाहिला आहे. जादा तासाला मुलं थांबतात आणि लांबच्या वस्तीवरच्या मुली दप्तर आवरून निघतात. नेमकं गणित आणि विज्ञान त्याच तासांना शिकवलं जातं.

आता रस्त्यावरचा हिशेब पाहू. ताशी साठच्या वेगानं येणारी जीप सेकंदाला सुमारे सतरा मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला तर त्यातच पंचवीस मीटर गेले. कोरड्या डांबरावर गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे चालकाला पन्नास मीटरवरून तरी दिसायला हवं. हेडलाइट डिपरवर असेल आणि समोरच्याच्या अंगावर गडद कपडे असतील, तर माणूस जेमतेम तेवढ्या अंतरावर दिसतो, अनेकदा त्याहूनही जवळ आल्यावर. समोरून दुसरी गाडी अप्पर मारत आली तर तेवढंही नाही. सायकल ताशी पंधराच्या वेगानं त्याच दिशेला चालली असेल, तर पन्नास मीटरवर दिसलेल्या सायकलीपर्यंत जीप चार सेकंदांत येते. मागे चांगला लाल दिवा असेल तर सरळ रस्त्यावर तो तीनशे मीटरवरून सहज दिसतो. मग हातात चोवीस सेकंद असतात. वेग कमी करायला, गाडी बाजूला घ्यायला आणि समोरची गाडी जाऊ द्यायला ते भरपूर झाले.

रिफ्लेक्टर असतात की, असं दुकानदार सांगतात. खरं आहे. केंद्र सरकारने २०२०मध्ये सायकलींच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, आणि रिफ्लेक्टर हवेतच. पण रिफ्लेक्टर स्वतः काही उजळत नाही. त्याच्यावर सरळ प्रकाश पडला तर तो उलट फेकतो, एवढंच त्याचं काम. फाट्यावरून आडवी येणारी गाडी, वळणापलीकडची गाडी, एकच हेडलाइट चालू असलेला ट्रॅक्टर, चिखलानं माखलेलं मडगार्ड, यांपैकी काहीही असलं की त्याचा उपयोग निम्म्यावर येतो. ऊसतोडीच्या हंगामात आमच्या रस्त्यांवरची निम्मी वाहतूक ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची असते आणि हंगाम नेमका लहान दिवसांतच भरात असतो. मोटारसायकलींबाबत आपण ही गोष्ट कधीच मान्य केली आहे. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकीचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, भर दुपारीसुद्धा, इतरांना ती दिसावी म्हणून. ज्या वाहनाला ना इंजिन ना आवाज, त्यावर चौदा वर्षांची मुलगी बसलेली असते. तिला हा नियम लागू होत नाही.

म्हणून दिवा द्या. पण कोणता, हे त्याहून महत्त्वाचं आहे, आणि माझ्या पत्राचा खरा विषय तोच आहे. निविदेत किंवा शासन निर्णयात नुसतं 'दिव्यासह' एवढंच लिहिलं, तर सर्वांत स्वस्त दिवा येईल आणि दोन महिन्यांत तो सायकलीवर नसेल.

बाजारात काय मिळतं ते मी पाहिलं आहे. रबरी पट्ट्यानं गुंडाळायचे, बटण सेलवर चालणारे छोटे दिवे मिळतात. ते दिसायला छान असतात, पण प्रकाश कमी आणि त्यांचे सेल गावातल्या किराणा दुकानात मिळत नाहीत. प्लॅस्टिकच्या चिमट्यात बसवायच्या टॉर्च मिळतात. खड्ड्यात चाक आपटलं की टॉर्च फिरते आणि प्रकाश आभाळाकडे जातो. खोक्यावर हजार ल्यूमेन छापलेले दिवेही मिळतात. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो रस्त्यावर किती पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत किती जातो, हे त्या आकड्यातून कळत नाही. टॉर्चचा झोत गोल असतो, त्याचा वरचा अर्धा भाग सायकलवालीच्या काहीच कामाचा नाही आणि समोरून येणाऱ्याला मात्र तो आंधळा करतो. जर्मनीत म्हणून ल्यूमेन मोजत नाहीत. पुढच्या दिव्याचा प्रकाश दहा मीटरवर किमान दहा लक्स हवा आणि समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत, असा तिथला नियम आहे. असा झोत वरच्या बाजूला कापलेला असतो, मोटारीच्या डिपरसारखा. ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या वेगाला दहा मीटर पुढचा खड्डा दिसला की पुरतं. त्यासाठी दीडशे-दोनशे ल्यूमेनचा नीट कापलेल्या झोताचा दिवा हजार ल्यूमेनच्या टॉर्चपेक्षा कितीतरी बरा.

पण हा दिवा बसवायचा कुठे? गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या सायकल मार्टमध्ये एका मुलीची नवी सायकल तयार होत होती. लेडीज सायकल, पुढे तारेची बास्केट, मागे कॅरिअर. तिच्या वडिलांना मी दिव्याबद्दल विचारलं, तर त्यांनी लगेच होकार दिला. मेकॅनिकनं हँडलवर दिवा बसवला आणि आम्ही सायकल भिंतीकडे तोंड करून उभी केली. बास्केटच्या तारांची जाळीदार सावली भिंतभर पडली. बास्केटमध्ये दप्तर ठेवल्यावर तर पुढे प्रकाशच गेला नाही, तो दप्तरावर पडून उलट मुलीच्याच डोळ्यांत आला. मेकॅनिक हुशार होता. त्यानं दिवा काढला, एक पत्र्याची पट्टी वाकवून बास्केटच्या खाली पुढच्या चिमट्याच्या (फोर्कच्या) डोक्यावर ब्रॅकेट केलं आणि दिवा तिथे नट-बोल्टनं आवळला. भिंतीवर स्वच्छ पट्टा उमटला. जुन्या काळ्या सायकलींना हँडलखाली दिव्याचं ब्रॅकेट कारखान्यातूनच यायचं. लेडीज सायकलीला बास्केट आली आणि ते ब्रॅकेट गेलं. नव्या अटींत ते परत आणता येईल, खर्च काही रुपयांचा आहे.

मागच्या दिव्याची गत तशीच. दिव्याच्या पाकिटावरच्या चित्रात तो सीटखालच्या दांड्याला लावलेला असतो. आमच्या मुलींच्या कॅरिअरवर दप्तर असतं, डबा असतो, कधी मैत्रीण असते, आणि वरून कुर्ता आणि ओढणी येते. सीटखालचा दिवा मागच्याला दिसणारच नाही. तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला किंवा मडगार्डवर, बोल्टनं पक्का बसवायला हवा. रंग लाल आणि लालच. पुढे पांढरा, मागे लाल, एवढ्यावरच चालकाला कळतं की सायकल आपल्याकडे येते आहे की आपल्यापुढे चालली आहे. हौसेनं लावलेले निळे-हिरवे दिवे हे सांगत नाहीत.

लुकलुकणारा हवा की स्थिर, यावर सायकलवाल्यांमध्ये वाद आहे. ब्रिटनमध्ये २००५पासून लुकलुकणाऱ्या दिव्यांना परवानगी आहे, जर्मनीत नाही. माझं मत स्पष्ट आहे. शहराच्या झगमगाटात लुकलुक लक्ष वेधते, हे खरं. पण संपूर्ण काळोख्या रस्त्यावर दुसरा दिवाच नसतो, तेव्हा लक्ष वेधायचा प्रश्न उरत नाही. तिथे चालकाला हवं असतं ते अंतर, आणि मध्येच विझणाऱ्या ठिपक्याचं अंतर डोळ्याला नीट लागत नाही. आपल्या तालुक्यांसाठी मागचा दिवा स्थिरच असावा.

आता सर्वांत कळीची गोष्ट. दिव्याला वीज कुठून मिळणार?

पन्नाशीपुढच्या सगळ्यांना टायरवर घासून फिरणारा बाटलीसारखा डायनामो आठवत असेल. सहा व्होल्ट, तीन वॅट. पायडल जड व्हायचं, पावसात टायर ओला झाला की तो घसरायचा, आणि सायकल थांबली की दिवा गेला. फाट्यावर रस्ता ओलांडायला थांबलेल्या माणसाचा दिवा नेमका तेव्हाच विझायचा. पण त्याचा एक गुण आजच्या बहुतेक दिव्यांत नाही. त्याला चार्ज करावं लागत नसे आणि सेलही भरावे लागत नसत. त्या तीन वॅटवर पूर्वीचा पिवळा बल्ब जेवढा उजेड द्यायचा, त्याच्या कित्येक पट आज एलईडी देते, आणि सायकल थांबल्यावरही दिवा काही मिनिटं चालू ठेवणारं साधं सर्किट आता असतं.

चार्जिंगचे दिवे चांगले आहेत, मी स्वतः तोच वापरते. पण मी घरी आल्यावर तो काढून मोबाइलशेजारी लावते, कारण माझ्या घरात चार सॉकेट आहेत आणि रात्री वीज असते. वस्तीवरच्या घरात एकच बोर्ड असतो, त्यावर आधी वडिलांचा मोबाइल असतो, आणि भारनियमन सुरू झालं की तेही नाही. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण पहिल्या वर्षातच तुटतं आणि पावसाळ्यात पाणी शिरतं. शिवाय जो दिवा रोज काढावा लागतो, तो एखाद्या दिवशी घरी विसरतो. नेमक्या त्याच दिवशी जादा तास असतो.

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५मध्ये एक मोठा प्रयोग झाला. जवळपास ३८०० सायकलस्वार त्यात होते. त्यातल्या काहींच्या सायकलींना कायम चालू राहणारे दिवे लावले. चाकाच्या तारांना लोहचुंबक, शेजारी चिमट्यावर छोटा दिवा, चाक फिरलं की दिवा लागणार. सेल नाही, बटण नाही, टायरवर घासणं नाही. वर्षभरात या सायकलस्वारांचे इजा झालेले अपघात इतरांपेक्षा १९ टक्के कमी निघाले, आणि त्यात दिवसाचेही अपघात धरलेले होते. मला यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट दिव्याच्या प्रखरतेची वाटत नाही. तो लावायला कोणाला आठवण ठेवावी लागत नव्हती, ही आहे.

माझी शिफारस याच कसोटीवर आहे. मागचा दिवा पेन्सिल सेलवर चालणारा घ्या. साधी लाल एलईडी इतकी कमी वीज खाते की दोन सेलवर रोजची अर्धा तासाची वाट कित्येक आठवडे चालते, आणि ते सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. सायकल हलली आणि अंधार असला की आपोआप लागणारा मिळाला तर उत्तम, कारण त्यालाही बटण दाबायची आठवण लागत नाही. पुढचा दिवा डायनामोवर, थांबल्यावर काही मिनिटं जळत राहणारा. दोन्ही बोल्टनं बसवलेले, कारण शाळेच्या सायकल स्टँडवरून हातानं निघणारी वस्तू टिकत नाही. पाण्याबाबत पाकिटावर आयपीएक्स४ लिहिलेलं असतं, म्हणजे चहूबाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून बचाव. शहरात तेवढं चालतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पावसात आणि ओढ्यातून सायकल काढणाऱ्या मुलीसाठी आयपीएक्स७ मागा. तसा दिवा मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जात नाही.

यात मी एक अगदी स्वस्त वस्तू जोडेन, घोट्याला बांधायचा रेडियमचा पट्टा. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या संशोधकांनी बंद रस्त्यावर रात्री प्रत्यक्ष मोटारी चालवून पाहणी केली होती. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार चालकांना जवळजवळ दिसलाच नाही. नुसतं चमकणारं जाकीट घातलेला निम्म्या वेळा ओळखू आला. त्याच जाकिटाबरोबर घोट्यांना आणि गुडघ्यांना चमकणारे पट्टे बांधले, तेव्हा दहापैकी नऊ वेळा. पाय वर-खाली फिरताना दिसले की चालकाला लगेच उमगतं, तिथे जिवंत माणूस सायकल चालवतो आहे. त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट दिव्याची वकिली करणाऱ्या मलाही मान्य करायला हवी. चालकांना माणूस ओळखू येण्यात दिव्याने भर पडली नाही. दुरून 'काहीतरी आहे' हे दिवा सांगतो आणि 'माणूस आहे' हे हलणारे पाय सांगतात. दोन्ही हवेत. आमच्या मुलींना या पट्ट्याचा आणखी एक उपयोग होईल. सलवारचा घोळ चेनमध्ये अडकून मुली पडतात, हे प्रत्येक शाळेत घडतं. घोट्याला पट्टा असला की सलवार चेनपासून दूर राहते.

पायडलमधले नारिंगी रिफ्लेक्टरही हेच काम करतात. सायकल ताब्यात घेताना ते जागेवर आहेत का, एवढं पाहायला सांगा. घाईत जोडलेल्या सायकलींत ते कधी नसतातच.

दिवा नीट लावला आहे का, हे तपासायला कोणतंही यंत्र लागत नाही. सायकल भिंतीपासून पाच मीटरवर सरळ उभी करायची. दिवा जमिनीपासून ज्या उंचीवर आहे, त्याच्या निम्म्या उंचीवर भिंतीवरचा सर्वांत उजळ ठिपका पडला पाहिजे. मग रस्त्यावर तो दहा मीटर पुढे पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. शाळेत दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात विज्ञानाच्या शिक्षकांनी एक संध्याकाळ यासाठी दिली तर सगळ्या सायकली होतात. प्रकाशाचा धडा अभ्यासक्रमात आहेच.

खर्चाचं बोलते. बोल्टनं बसणारा मागचा लाल दिवा दोन-तीनशे रुपयांत मिळतो, घोट्याचे पट्टे त्याहून खूप स्वस्त. डायनामोचा पुढचा दिवा महाग पडेल, पण हजारोंच्या संख्येनं एकत्र खरेदी केली तर भाव खाली येतोच. रोख मदत थेट खात्यात जात असेल, तर एवढं तरी करा: सायकलीच्या पावतीवर मागच्या दिव्याचा उल्लेख असल्याशिवाय ती ग्राह्य धरू नका, आणि त्यासाठी मदतीत तेवढीच रक्कम वाढवा. पालकांच्या खिशातून ती काढायला लावू नका. तसं केलं तर सायकल घेणंच लांबेल. आधीच सायकल मिळालेल्या मुलींसाठी शाळेमार्फत फक्त मागचा दिवा आणि पट्टे दिले तरी चालतील.

पैसे खरोखर एकाच दिव्याला पुरणार असतील तर मागचा द्या. मुलीला तिच्या गावचा रस्ता ठाऊक असतो. चांदण्यात, अंदाजानं, सवयीनं ती खड्डा चुकवते. मागून काय येतं ते मात्र तिला दिसत नाही, आणि तिथं तिच्या हातात काहीच नसतं.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचं कामही कार्यक्रमाच्या जिल्ह्यांतल्या जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होऊ शकतं. साखर कारखान्यांनी ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना मागे लाल रेडियम लावावं, ही सूचना दर हंगामात निघते. गाळप सुरू होण्याआधी ती पाळली जाते का, हे प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर तपासलं जावं, आणि एका हेडलाइटवर चालणारा ट्रॅक्टर उसासकट आत घेतला जाऊ नये.

आमच्याकडे जादा तास दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होतात. त्याआधी हा निर्णय झाला, तर या वर्षीच्या दहावीच्या मुलींना त्याचा उपयोग होईल. तपशील ठरवताना एखाद्या तालुक्याच्या गावातल्या सायकल मेकॅनिकला आणि सायकल चालवणाऱ्या चार मुलींना बोलावून घ्या. दप्तर कुठे ठेवतात, ओढणी कुठे येते आणि अंधारात त्या नेमक्या कुठल्या वळणावर घाबरतात, हे त्या आपल्याला माझ्यापेक्षा नीट सांगतील.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका